अमेरिकेत घडलेली सर्वोत्तम गाडी: माझं मत जीपला, तुमचं कुणाला?

घाटरस्ता

अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की दोन मिनिटांत गप्पा मस्टँग नाहीतर कॉर्व्हेटवर येतात. दोन्ही देखण्या आहेत, वाद नाही. पण तिथं डिझाइन झालेली सर्वोत्तम गाडी कोणती असं विचाराल तर मी दुसऱ्या महायुद्धातली जीप म्हणेन, म्हणजे विलीज एमबी.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्करानं १३५ कंपन्यांकडे मागणी पाठवली. हलकी, ठेंगणी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. पुढं आल्या फक्त दोन कंपन्या. त्यातली बँटम ही पेनसिल्वेनियातल्या बटलर गावची, बुडायला टेकलेली छोटी कंपनी. तिनं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियरला बोलावलं. त्यानं दोन दिवसांत आराखडे कागदावर उतरवले आणि २३ सप्टेंबरला, ऐन मुदतीच्या दिवशी, बँटमची गाडी लष्कराच्या होलाबर्ड छावणीत हजर झाली. पुढं लष्करानं तेच आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले. विलीजचं ६० अश्वशक्तीचं इंजिन आलं, फोर्डची पत्रा दाबून केलेली पुढची जाळी आली, आणि त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या. बिचारी बँटम शेवटी ट्रेलर बनवत राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं.

एकच गोष्ट जवळून दाखवतो. या जीपचे हेडलाइट बिजागरीवर आहेत. बॉनेट उघडायचं, विंग नट सैल करायचा, दिवा उलटा फिरवायचा. उजेड थेट इंजिनावर. रात्री, चिखलात, एकट्या माणसाला गाडी दुरुस्त करावी लागेल हे कुणीतरी आधीच ओळखलं होतं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, फावडं आणि कुऱ्हाड अडकवायला बाजूच्या पत्र्यात खोबणी, काच पुढं आडवी पाडता येते. शोभेसाठी म्हणून एक रेघ नाही, तरी लहान पोरसुद्धा लांबून ओळखतं.

आणि ही गाडी आपल्यालाही परकी नाही. महिंद्रानं स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. जिथं एसटी पोचत नव्हती त्या वाड्यांपर्यंत वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची, जीप पोचली, ती याच घराण्यातली. आमच्या गावच्या मिस्त्रीनं कुठलंही पुस्तक न उघडता गिअरबॉक्स उतरवून, रॉकेलमध्ये धुऊन, दिवेलागणीच्या आत परत चढवलेला मी पाहिलाय. बनवणाऱ्याला विचारायला जावं लागत नाही ते खरं डिझाइन, असं माझं मत आहे.

जुनं_लोखंड

घाटरस्ता दादा, कसोटी एकदम मान्य. पण त्या कसोटीला उत्तर वेगळं येतं. फोर्डची मॉडेल टी. तुमच्या जीपच्या तेहतीस वर्षं आधी, १९०८ ला.

ती गाडी शेतकऱ्यासाठी होती. चाकोऱ्या पडलेल्या मातीच्या रस्त्यावर अडकू नये म्हणून पोट उंच, वजन कमी आणि मजबुतीसाठी व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद. पेट्रोलचा पंपच नाही. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरतं. यात एक अडचण होती, टाकी निम्म्याखाली गेली आणि चढ खडा असला की इंजिनाला पेट्रोल पोचेना. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. मागचं एक चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकूड कापायचं, दळण दळायचं. एका गाडीत अख्ख्या शेताचं इंजिन!

शिवाय डिझाइन म्हणजे नुसती वस्तू नाही, ती बनवायची रीतही त्यात आली. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा आला आणि एका चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. सुरुवातीला ८५० डॉलरची गाडी पुढं ३०० च्या खाली मिळायला लागली. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या. जीप सैन्याला मिळाली हो, मॉडेल टी माणसाला मिळाली.

रेषा_आणि_वळण

तुम्ही दोघंही उपयोगाबद्दल बोलताय. उपयोग हवाच, पण मग पाटा-वरवंटाही उत्तम डिझाइन आणि ट्रॅक्टरही. गाडी पाहून पाय थबकतात, त्याचं काय?

मी कॉर्ड ८१० चं नाव घेते. आराखडा गॉर्डन ब्युरिगचा. १९३५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा लोक शेजारच्या गाड्यांच्या बंपरवर चढून तिला बघत होते. त्या काळातल्या इतर गाड्या आठवा: बाहेर आलेले मोठे दिवे, उभी जाळी, दारांखाली पायरी. कॉर्डला यातलं काहीच नाही. दिवे मडगार्डमध्ये लपलेले, आतून हँडल फिरवलं की बाहेर येतात. ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे फरशी खाली आली, गाडी ठेंगणी झाली आणि पायरीची गरजच संपली. इथं सौंदर्य यंत्रातूनच आलंय, वरून थापलेलं नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

गिअर त्रास द्यायचे, इंजिन तापायचं, हे मला माहीत आहे. जेमतेम तीन हजार गाड्या निघाल्या आणि १९३७ ला कारभार आटोपला. तरी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं कलावस्तू म्हणून आठ गाड्या मांडल्या, त्यात कॉर्ड होती.

घाटरस्ता

@रेषा_आणि_वळण ताई, त्याच आठ गाड्यांमध्ये जीपही होती! संग्रहालयाला तीही देखणी वाटली होती. कॉर्ड सुंदर आहे हे मी मनापासून मानतो, पण जी गाडी प्रदर्शनात गर्दी जमवते आणि घेणाऱ्याला रस्त्यात उभं करते तिला मी पहिला नंबर देणार नाही.

@जुनं_लोखंड, शेताच्या इंजिनाचा मुद्दा वजनदार आहे. पण मॉडेल टी चालवायची रीत तिच्याबरोबरच संपली. तीन पेडल, त्यात मधलं रिव्हर्सचं, वेग वाढवायला स्टिअरिंगखाली दांडी. तो धडा पुढं कुणी गिरवला नाही. जीपचं तसं नाही. लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्या चासीवरच उभा केला होता. जिचं पाहून जग गाड्या बनवतं ती मोठी.

जुनं_लोखंड

पेडल विसरा, पट्टा बघा. आज जगातली कुठलीही गाडी कशी बनते? तुमची जीपसुद्धा फोर्डच्या कारखान्यात लाखांनी निघाली ती त्याच पट्ट्यावर.

एडिसनची_आई

या यादीत कुणी घरातल्या माणसांचा विचार केलेलाच दिसत नाही, म्हणून लिहिते. माझं मत १९८४ च्या क्रायस्लर मिनिव्हॅनला, म्हणजे डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर.

हॅल स्पर्लिक फोर्डमध्ये असताना अशी गाडी काढू म्हणत होते, तिथं कुणी मनावर घेतलं नाही. ते क्रायस्लरमध्ये गेले, मागून फोर्डचेच माजी अध्यक्ष ली आयकोका आले, आणि सरकारी हमीच्या कर्जावर तगलेल्या कंपनीनं ही गाडी काढली. त्याआधीच्या व्हॅन म्हणजे मालवाहू गाड्या, फरशीखालून दांडा मागच्या चाकांना जायचा, म्हणून चढायला उंच. या गाडीत इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. फरशी खाली आली, आणि तरी ती घराच्या नेहमीच्या गॅरेजात मावते.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथं अमेरिकेत आल्या तेव्हा शेजाऱ्यांच्या उंच गाडीत चढताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. आमच्या व्हॅनमध्ये सरकतं दार उघडलं, लुगड्याचा काठ जरा उचलला आणि त्या स्वतः चढून बसल्या. गणपतीत मंडळाच्या भांड्यांपासून सतरंज्यांपर्यंत सगळं त्याच गाडीतून गेलं, वर मुलं होतीच. हे कुणीतरी बसून, मोजून केलेलं काम आहे. त्याला डिझाइन म्हणायचं नाही का?

रेषा_आणि_वळण

म्हणायचं, नक्कीच. फरशी खाली आणण्याचा विचार कॉर्डनं आधीच केला होता, हे मात्र नोंदवून ठेवते.

निवृत्त_चालक

मी सोळा वर्षं जीप चालवली, पैकी नऊ वर्षं वडाप. घाटरस्ता, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, पण अर्धं आहे. ही गाडी तीन-चार सैनिक आणि थोडं सामान यासाठी केलेली. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर ८० इंच, गाडी आखूड. वळणावर जोरात कापली की आतलं चाक उचलायला बघते. आमच्याकडच्या गाड्या लांब होत्या, पण त्यात पंधरा-सोळा माणसं, मागं फळीवर लटकलेली वेगळी. एक गाडी उलटलेली मी स्वतः पाहिली आहे. आतली माणसं मीच बाहेर काढली. दुरुस्तीला सोपी आहे हे खरं, पण आत बसलेल्याचा जीव सांभाळणं हेही डिझाइनच ना?

घाटरस्ता

काका, हे मी लिहायला हवं होतं. दार नाही, सीटबेल्ट नाही, टाकी सीटखाली. युद्धात चालून गेलं, प्रवाशांना चालू नये. प्रवासी गाडी म्हणून मी जीपचं नाव मागं घेतो. पण जिथं रस्ता संपतो तिथं न्यायला आणि तिथून परत आणायला अजूनही माझं मत तिलाच.

निवृत्त_चालक

मत तुमचं तुमच्याजवळ, माझंही फार लांब नाही. फक्त त्या फिरत्या दिव्याचं वाचून थांबलो. आमच्या गाडीला दिवे जाळीत पक्के बसवलेले होते. कुंभार्ली घाटात रात्री अकराला फॅनबेल्ट तुटला, पाऊस चालू, गाडीत बाळंतीण. दातांत बॅटरी धरून बेल्ट चढवला, दोन्ही हात भाजले. लष्कराच्या गाडीत ती सोय होती हे आज कळलं. ती कुणी काढून टाकली?