मदत हवी आहे: जिनिव्हा ड्राइव्हमध्ये पिन खाचेत शिरताना ठोका बसतो

चार खाचांचं जिनिव्हा चाक आहे, माइल्ड स्टीलचं. सतत फिरणाऱ्या क्रँकवरची (फिरता दांडा) पिन दर फेरीला एका खाचेत शिरून चाक पाव फेरी फिरवते, मग चाक थांबून राहतं. शाफ्टच्या केंद्रांमधलं अंतर ८० मिमी, क्रँकची त्रिज्या ५६, पिन ८, खाच ८.१. वेग ६० आरपीएम. पिन आत शिरताना दर फेरीला खट्ट वाजतं आणि प्रत्येक खाचेच्या तोंडाची एकच कड चेपून चकाकते आहे. चाक हार्डन (उष्णतेने कडक) करून घ्यावं, की सहा खाचांचं नवं करावं? टेबल दर वेळी ९० अंशच फिरायला हवं.

प्रतिसाद १

हार्डनिंगची घाई नको. दोष पोलादात नाही, ५६ या आकड्यात आहे.

पिन शिरते त्या क्षणी क्रँक आणि खाच यांच्यात काटकोन हवा, तरच ती अलगद आत सरकते. चार खाचांसाठी त्रिज्या = अंतर × साइन ४५°, म्हणजे ८० × ०.७०७१ = ५६.५७. तुमची पिन खाचेच्या मध्यरेषेपासून ०.५७ बाजूला आहे आणि ढील एका अंगाला जेमतेम ०.०५. ती कडेवर आदळणारच. त्यात लॉकिंग डिस्कने (क्रँकबरोबर फिरणारी, मधल्या वेळात चाक जागेवर धरणारी चकती) चाक अजून धरलेलं असतं, म्हणून सगळा मार त्या कोपऱ्यावर.

शाफ्ट ७९.२ वर सरकवू नका. चाकाचे अंतर्गोल कंस ८० साठी कापलेले आहेत, ते डिस्कवर चढतील. क्रँकच नवी करा, ५६.५७, फार तर ०.०२ इकडेतिकडे.

आणि खाचेचा तळ मोजा. पिन आता चाकाच्या केंद्रापासून १९.४३ पर्यंत आत येईल (८० − ५६.५७ − ४). जुन्या हिशोबाने तळ २० वर असेल तर ती अडेल. १९ वर न्या.

प्रतिसाद २

क्रँक बदलताना डिस्कही बघा. धरणारा कंस २७० अंश, मोकळा भाग ९०, पिनच्या दोन्ही अंगांना ४५-४५. कंस मोठा राहिला तर पिन शिरूनही चाक सुटत नाही. लहान झाला तर चाक आधीच हलतं आणि पिन टोकावर बसते. मार्किंग ब्लू (खुणेची निळी शाई) लावून हाताने हळू फिरवा, घासतं तिथे डाग पडेल. डिस्क आणि कंसात ०.०५ ते ०.१ ढील पुरे.

धागाकर्ता

आभार. चाक फिरत असताना मध्यावरही एक हलकी टिक येते. तीही यामुळेच? आणि सहा खाचांचं काय?

प्रतिसाद १

ती टिक वेगळी. पहिल्या अर्ध्यात पिन चाकाला ढकलते, दुसऱ्या अर्ध्यात त्यालाच आवरते. मध्यावर ती एक भिंत सोडून समोरच्या भिंतीला जाते आणि ढील तेवढी वाजते. खाच ८.०३ करा किंवा टेबलाच्या शाफ्टला थोडा घर्षण-ब्रेक लावा, म्हणजे पिन एकाच भिंतीला टेकून राहील.

प्रतिसाद ३

चार खाचांत चाकाचं कमाल त्वरण ५.४१ω², सहांत १.३५ω² (ω म्हणजे क्रँकचा कोनीय वेग). फरक मोठा आहे. पण सहात एका वेळी ६० अंश मिळतात. ९० साठी १.५ पट वेग वाढवणारी गिअरजोडी लागेल. तरीही त्वरण साधारण २ω², म्हणजे निम्म्याहून कमी. मात्र फिरणं पाव फेरीऐवजी तृतीयांश फेरी खाईल, आणि गिअरची ढील लॉकच्या पुढे, टेबलाच्या बाजूला राहिल्याने टेबल किंचित हलेल. नेमकेपणा हवा असेल तर चारच ठेवा.

३५ मिमी चित्रपटाच्या प्रोजेक्टरमध्ये हाच चार खाचांचा माल्टीज क्रॉस (जिनिव्हा चाकाचंच दुसरं नाव) सेकंदाला २४ वेळा फिरतो, प्रत्येक वेळी सुमारे १०.४ मिलिसेकंदांत. तो टिकतो कारण भार हलका, भाग हार्डन करून ग्राइंड केलेले, आणि सगळं बंद पेटीत तेलात. तुमच्याकडे निदान पिन तरी हार्डन केलेली डॉवेल पिन (अचूक मापाची दंडगोल पिन) घ्या आणि खाचेत तेल पोहोचेल अशी सोय करा. ग्रीस नको, ती खाचेतून बाहेर ढकलली जाते.