पहिलीत माया केली की पोरं बिघडतात?

वर एकांनी लिहिलंय, ‘बाई गोड बोलायला लागल्या की पोरं डोक्यावर बसतात, शिकत नाहीत.’ नाही पटलं.

माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. एक मुलगा बेरजेच्या वेळी पाटी पोटाशी घट्ट धरून बसायचा. तिने पाटी मागितलीच नाही. पुढ्यात चिंचोके ओतले आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, “दोघं मिळून दहा-दहाचे ढीग करा गं.” मुलगी हुशार, भराभर त्याचेही मोजायला लागली. तर तिलाच थांबवलं, “त्याचे त्याला मोजू दे.” मला विचाराल तर त्या दिवशी जास्त शिकली ती मुलगी.

छडीचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. ‘ढ’ म्हणून मागच्या रांगेत बसवणं माझ्या मते दुसऱ्यात मोडतं.

आणि हे काही आजचं फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघी शिक्षिकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात (आताचा पालघर जिल्हा) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते जवळच्या कोसबाडला नेलं. आदिवासी पोरं गुरं राखायला जायची, म्हणून शाळाच कुरणावर गेली. गैरहजेरीबद्दल दटावणं त्यापेक्षा कितीतरी सोपं होतं!

खरी अडचण वेगळी आहे. एकाच बाईंकडे दोन-तीन इयत्ता एकत्र बसवल्या, तर एकेका पोरापुढे चिंचोके ओतायला त्यांनी वेळ आणायचा कुठून? त्यावर बोला ना कुणीतरी.