वर्धा नदीपलीकडून आलेले खापरपणजोबा: मागची पिढी कशी शोधायची?

धामणगावकर:
धामणगाव रेल्वे तालुक्यातलं शेतकरी घराणं आहे. आजोबांचा 1930च्या दशकातला शाळेचा दाखल-खारीज उतारा आहे. 1934च्या फेरफारात शेत वारसाने पणजोबांच्या नावे झालं: "महादू वल्द गणू" (म्हणजे गणूचा मुलगा महादू), आडनाव नाही. गणू आर्वीकडून आले एवढंच घरी सांगतात. कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) 1890 ते 1920 पाहिलं, आमच्या आडनावाची एकही नोंद नाही. आर्वी तहसिलीत काय मागायचं?

जुनं दप्तर:
भाऊ, आर्वीला लगेच जाऊ नका. आधी नदीच्या अलीकडचं संपवा.

कोतवाल बुकात आडनाव पाहून काही मिळत नाही. बापाचं नाव, जात आणि तारीख असते. बाळाचं नावही बहुधा नसतं, कारण नोंद बारशाआधीची; नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". शिवाय आजोबा 1930च्या दशकात शाळेत होते, तर जन्म 1920च्या पुढचा असणार, आणि तुम्ही नेमके 1920ला थांबलात. 1921 ते 1932 पाहा, "महादू" आणि जात धरून. शाळेतली जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असते, म्हणून अलीकडे-पलीकडे दोन-दोन वर्षं सोडू नका.

फेरफार वारसाने आहे, म्हणजे गणू 1934च्या आधी वारले. फेरफार मृत्यूनंतर बरेचदा उशिरा होतो. मृत्यूच्या नोंदी 1934पासून मागे चार-पाच वर्षं वाचा. तिथे वय मिळालं, की जन्माचं साल निघतं.

आता मुख्य गोष्ट. गणूंकडे शेत आलं कसं? खरेदीने आलं असेल, तर दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक 2 मध्ये (नोंदलेल्या दस्तांची जमिनीवार यादी) मौजा आणि सर्वे नंबरवरून 1934पासून मागे शोधा. जुना तालुका चांदूर लिहा, धामणगाव नाही. खरेदीखतात घेणाऱ्याचं वल्द, जात, वय आणि "राहणार" लिहिलेलं असतं. गणू नवीनच आले असतील, तर त्या "राहणार"पुढे पलीकडच्या गावाचं नाव सापडेल. एकाच नावाची दोन माणसं असतील, तर सर्वे नंबरच वेगळी करतो.

आर्वीचा:
गावाचं नाव हाती आलं, की मग इकडे या. वर्धा नदी ओलांडली, की दप्तरच बदलतं. तुमचं वऱ्हाड 1853मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेलं, तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. इकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, मग मध्यप्रांत, आणि 1951पर्यंत मालगुजारी, म्हणजे सारा मालगुजारामार्फत. म्हणून इथे 1900चा सातबारा मागितला, तर "रेकॉर्ड नाही" हेच उत्तर मिळेल. मिसल बंदोबस्त (जुन्या सारा-आकारणीचे कागद) मागा, त्यातली जमाबंदी (कोणाकडे कोणतं शेत, सारा किती याची यादी). मालगुजाराच्या हाताखालच्या काश्तकारांची (जमीन कसणाऱ्यांची) नावं त्यात वल्दसह येतात. गणूंच्या वडिलांचं नाव तिथे निघावं. 1954-55चं अधिकार अभिलेखही (जमिनीवरच्या हक्कांची नोंद) घ्या, मागे राहिलेल्या भाऊबंदांची शाखा त्यात दिसते.

अर्जात मौजा, पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं) आणि जुना तालुका लिहा. आज आष्टी किंवा कारंजा (घाडगे) तालुक्यात असलेलं गाव तेव्हा आर्वीत होतं. एकाच नावाची गावं दोन-तीन निघतात. गाव उजाड झालं असेल, तर "रिठी" म्हणून वेगळं पाहा.

मोडीवाचक:
वऱ्हाडातली जुनी पानं मोडी लिपीत असतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवरून माणूस वेगळा ठरवू नका. पानाचा फोटो आणि मूळ ओळ जपून ठेवा, नुसतं लिप्यंतर नको. शके दिसलं तर 78 मिळवा. "बेवा" म्हणजे विधवा, "अ. पा. क." म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) वारसाचा पालनकर्ता, त्याला बाप समजून कित्येक वंशावळी चुकतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही पाहा. यात्रेला गेलेल्या माणसाने सांगितलेली बाप, आजा, भाऊ, मुलं अशी नावं एकत्र असतात. उपाध्यायांकडे जाती आणि मुलखानुसार घराणी वाटलेली आहेत, तेव्हा दोन्ही गावं सांगा, आर्वीकडचं आधी.

धामणगावकर:
1921 ते 1932 आणि सूची 2, दोन्हींचे नकलेचे अर्ज सोमवारी देतो. "राहणार" मिळालं की इथेच लिहितो.