चर्चच्या मेडिकल टीमसोबत दुर्गम आदिवासी भागात जायचंय, काही शंका

नाईट_ड्यूटी:
मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. सोबतची एक सिस्टर दरवर्षी रजा टाकून तिच्या चर्चच्या मेडिकल टीमबरोबर जाते. रस्ताच नाही अशा आदिवासी वस्त्या, आधी छोटं विमान, पुढे होडी, सगळं पदरचे पैसे घालून. यंदा मलाही चल म्हणतेय. मी ख्रिस्ती नाही, त्याचं तिला काही नाही. पण तिथे मला प्रार्थना-प्रवचनात उभं करतील का? आणि आठ-दहा दिवस गोळ्या वाटून कुणाचं काय भलं होणार? घरचे तर म्हणतात, पुण्य कमवायची सहल आहे ही.

उंटावरचा_शहाणा:
घरच्यांचं ऐका. ब्राझीलमधल्या झोए लोकांबद्दल वाचा. 1987 मध्ये मिशनरी त्यांच्यापर्यंत पोचले, पाठोपाठ फ्लू आणि मलेरियाने माणसं दगावली. शेवटी 1991 मध्ये तिथल्या सरकारच्या आदिवासी खात्याने, फुनाईने, मिशनऱ्यांना बाहेर काढलं. हेतू चांगलाच असणार हो, पण विषाणूला त्याचं काय?

जुनी_सिस्टर:
शहाणे, उदाहरण बिनतोड आहे. बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या लोकांत कुठल्याच टीमने पाऊल टाकू नये, तिथे विषय संपला. पण इथे चाललंय ते वेगळ्या वस्त्यांबद्दल, जिथे लोक स्वतः टीम बोलावतात. तरी तुमचा मुद्दा तिथेही लागू आहेच: गोवर आणि फ्लूची लस घेतल्याशिवाय निघू नये, आणि निघायच्या दिवशी सर्दी-ताप असेल तर तिकीट गेलं तरी घरी बसावं.

नाईट ड्यूटी, मी ख्रिस्ती आहे आणि बरीच वर्षं अशा टीमबरोबर जातेय, म्हणून आतलं सांगते. आमच्यात सकाळची प्रार्थना टीमपुरती असते. तू बाजूला चहा पीत बस, कुणी हूं की चूं करणार नाही. तुझ्या मैत्रिणीला एवढंच विचार, की पेशंटसोबत प्रार्थना कधी होते? औषध हातात पडल्यावर आणि त्याने मागितली तरच, असं उत्तर आलं तर डोळे मिटून जा. आधी गाणी-प्रवचन आणि मग केसपेपर, असा प्रकार असेल तर सरळ नाही म्हण. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आलेली बाई 'नको' कशी म्हणेल? तिचा होकार कसला धरायचा!

आता भलं होतं का ते. टीम परत येते, मागे राहते ती तिथली आरोग्य कार्यकर्ती. तिच्या हाताखाली काम करायला गेलात तर होतं. मागच्या खेपेला ओपीडी डॉक्टरांवर सोडून मी तिथल्या कार्यकर्तीसोबत ओट्यावर बसले होते. बाळाचा झबला वर करायचा, ते रडत नसताना पोटाकडे बघत श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान पोरांचा श्वास एका लयीत चालत नाही. 2 महिने ते वर्षाच्या आतलं बाळ असेल तर 50, 1 ते 5 वर्षांचं असेल तर 40 किंवा वर गेले की न्यूमोनिया धरायचा. पीतच नसेल, फिट आली असेल, गुंगीत असेल तर थांबायचं नाही, पुढे पाठवायचं. दुपारपर्यंत ती माझ्या आधी आकडा सांगत होती. सेकंदकाट्याचं घड्याळ तेवढं ने, तिथेच ठेवून यायला.

तुला आयसीयूची सवय, पहिले दोन दिवस हात रिकामे वाटतील. मॉनिटर नाही, पंप नाही. खरी अडचण दुभाष्याची असते. मुखियाचा मुलगा दुभाषी म्हणून उभा असेल तर अंगावरून पांढरं जातंय हे कुठली बाई सांगेल? सगळ्याजणी कंबर दुखते म्हणतात. बाई दुभाषी मागून घे, पहिल्याच दिवशी.

फार्मसीतला:
सिस्टरांना अनुमोदन, औषधांचं मी सांगतो. घरोघरी उरलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांकडची सॅम्पल्स गोळा करून नेऊ नका. दान केलेलं औषध पोचताना त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक तत्त्व आहे. न्यूमोनियावरचं अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिन, त्याचं सिरप नको. ते कालवायला स्वच्छ पाणी हवं, वर काचेच्या बाटल्यांचं ओझं. पाण्यात विरघळणाऱ्या 250 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्या न्या. जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक. आणि बीपीच्या महिन्याभराच्या गोळ्या देऊन निघून येणाऱ्या टीमा माझ्या डोक्यात जातात. जवळच्या दवाखान्यात जी गोळी कायम मिळते तीच सुरू करा, नाहीतर नुसतं नाव लिहून तिकडे पाठवा.

गावठी_कंपाउंडर:
आरोळे दांपत्य कसं विसरलात? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल, दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजचे. 1970 मध्ये जामखेडला प्रकल्प सुरू केला, अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, 1979 मध्ये मॅगसेसे मिळालं. जामखेड आदिवासी भाग नाही हे मान्य, पण ते तिथे राहिले, हा फरक आहे.

जुनी_सिस्टर:
कंपाउंडर, म्हणूनच तर म्हणतेय, तिथे राहणारीला शिकवा.

नाईट_ड्यूटी:
मैत्रिणीला विचारलं. प्रार्थना औषधानंतर आणि मागितली तरच, वेगळ्या झाडाखाली. नाव दिलंय. आता ती म्हणते, विमानात बसण्याआधी सामानासकट माझंही वजन करणार! खरंय का हे?

जुनी_सिस्टर:
खरंय, बॅग पाठीवर घेऊन काट्यावर उभं करतात. छोट्या धावपट्टीवर किलो-किलोचा हिशेब असतो, आणि तुझ्या कपड्यांच्या जागी ओआरएसचा खोका जाऊ शकतो. जीन्स घरी ठेव, वाळायलाही दोन दिवस लागतात. डोक्याला बांधायचा टॉर्च मात्र सोडू नकोस.