मदत हवी आहे: स्मिथ मशीनचा बार डावीकडे अडकतोय, रविवारच्या आत सांगा

एकटाजीव (गुरुवार, रात्री ११.२०)
नमस्कार मंडळी. बंद पडलेल्या एका जिममधून मागच्या आठवड्यात स्मिथ मशीन (दोन उभ्या रॉडवर वरखाली सरकणारा बार असतो ते) उचललं. ३८ हजार, टेम्पो वेगळा. बार वर नेताना डावीकडून अडकतो, खर्रर करून थांबतो आणि मग एकदम सुटतो. दुसरं म्हणजे माझ्या जुन्या जिममध्ये माझा ८० किलोचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आरामात जायचा, सहा-सहाचे तीन सेट. इथे त्याच प्लेटा लावल्या तर चौथ्यालाच पाय लटपटतात. विकणारा म्हणतोय, रविवारपर्यंत परत घेईन, नंतर तुमचं तुम्ही बघा. ठेवू की परत करू? आणि कृपया 'मोकळा बार वापरा' सोडून काहीही सांगा.

तांबडी_माती
मोकळा बार वापरा. :)
खरं सांगायचं तर तोही नको. आमच्या तालमीत वस्ताद पाचशे बैठका मारून घ्यायचे, रॉड नाही न् पुली नाही. ३८ हजारांत वर्षभराचं दूध-बदाम झालं असतं.

फिटर_भोसरी
एवढ्यावरून काय सांगणार? रॉडवर बेअरिंग आहेत की नायलॉनचे बुश (रॉडवर सरकणाऱ्या साध्या नळ्या)? बारला मागून केबल आणि वजनाचा डबा आहे का? मशीन सरळ उभं आहे की कललेलं? रॉडला काय लावलंय? आणि ठेवलंय कुठे?

एकटाजीव
घरात ठेवलंय, अजून कुठे ठेवणार? केबल वगैरे काही नाही. कललेलं आहे थोडं, मला वाटलं मुद्दाम तसंच असतं.

डेडलिफ्टवाली
असतं, बऱ्याच मशीनचे रॉड साधारण ७ अंश कलते असतात. ती खोट नाही. पण जिममधल्या मशीनला केबल होती का, हे आधी सांगा. बहुतेक तिथेच तुमचे ८० अडकलेत. मोठ्या जिममधल्या मशीनला पाइपच्या आत बारच्या विरुद्ध बाजूला वजन लटकवलेलं असतं, त्यामुळे बार हातात हलका येतो. ऑलिम्पिक बार (स्पर्धेतला मोकळा बार) २० किलोचा म्हणून लोक सगळीकडे २० धरतात. स्मिथचा बार ७ चाही भरतो आणि २५ चाही.

एकटाजीव
होती बहुतेक. मागे काळी पट्टी वरखाली व्हायची. मी ३०-३० च्या प्लेटा आणि २० बार असे ८० धरत होतो.

उगाचच
थोडी माहिती देतो. स्मिथ हे कंपनीचं नाव नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात रूडी स्मिथ नावाचे जिम चालवणारे गृहस्थ होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. मूळ सरकत्या बारची कल्पना व्यायामगुरू जॅक लालेनची, स्मिथनी ती सुधारून विक टॅनी या जिमवाल्याच्या जिममध्ये बसवली. आपल्याकडे काही जण 'स्मित मशीन' लिहितात तेव्हा हसू येतं.

तांबडी_माती
चौथ्या रेपला एकटाजीव यांना स्मित येत नसणार.

सूनबाई_नाशिक
माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, वय ६८. त्यांना या मशीनवर हलके हलके बसवलं तर चालेल का? बार नुसता धरायला.

फिटर_भोसरी
एकटाजीव, अंदाज नको, मोजा. रद्दीवाल्याकडे लटकवायचा स्प्रिंगचा काटा असतो ना, तो आणा. प्लेटा काढा, बारच्या बरोब्बर मध्ये दोरीचा फास टाका आणि काटा हातात धरून बार अगदी सावकाश वर घ्या. आकडा बघा. मग तसाच सावकाश खाली सोडा, पुन्हा आकडा बघा. चढताना जो येतो तो वजन अधिक घर्षण, उतरताना वजन वजा घर्षण. दोन्हींची बेरीज करून निम्मे केलेत की बारचं खरं वजन. फरकाचं निम्मं म्हणजे मशीन तुमच्याकडून फुकट काढून घेत असलेली मेहनत. सामान मोजायचा डिजिटल काटा नको, आकडा मध्येच गोठतो.

चष्मेवाला_लिफ्टर
सरळ वजनकाट्यावर उभं राहून बार खांद्यावर घ्या आणि स्वतःचं वजन वजा करा. एवढा व्याप कशाला?

फिटर_भोसरी
घ्या. त्यात बार अडकलाय की जड आहे हे कसं कळणार? त्याची तक्रार अडकण्याची आहे.

स्लॅब_सेंटरिंग
घरात ठेवलंय म्हणता, कितव्या मजल्यावर? राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या चल भाराने (माणसं-सामानाच्या वजनाने) धरतात. मशीन, प्लेटा आणि तुम्ही मिळून कितीशे किलो होतात? भार पसरायला खाली प्लायवूड घाला. प्लेटा आपटत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांची माफी आत्ताच मागून ठेवा.

एकटाजीव
हे मी विचारलंच नव्हतं. आणि खाली आमचंच घर आहे. मशीन गच्चीवर आहे, पत्र्याच्या शेडखाली.

फिटर_भोसरी
अहो!! 'घरात' म्हणालात तुम्ही.

एकटाजीव
गच्ची घराचीच आहे ना?

फिटर_भोसरी
गच्चीला पाणी जायला ढाळ असतो. तोही एकाच बाजूला नाही, दोन-तीन कोपऱ्यांकडून पाइपाकडे. चार फुटांत सव्वा सेंटीमीटर सहज. म्हणजे तुमच्या मशीनचे पाय एका पातळीत टेकलेलेच नाहीत. एक पाय अधांतरी राहिला असेल आणि त्याखाली तुम्ही काहीतरी कोंबलं असेल. खरं की नाही?

एकटाजीव
फरशीचा तुकडा. डाव्या मागच्या पायाखाली. डुगडुगत होतं म्हणून. हे कसं कळलं?

फिटर_भोसरी
कारण भोसरीत दिवसभर हेच करतो, फक्त तिथे बार नसतो. नुसतं अख्खं मशीन कलतं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण वाकड्या जमिनीवर नट आवळले की सांगाडा पिळवटतो, दोन रॉड समांतर राहत नाहीत आणि बेअरिंग एका जागी जाम होतं. दोन्ही रॉडना ओळंबा लावा. पुढेमागे कल असणारच, पण तो दोन्हीकडे सारखाच हवा. डावी-उजवीकडे एक सूतसुद्धा झुकायला नको. मग टेप घेऊन समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे.

गंज_चढला
मी रत्नागिरीत चार वर्षं वापरतोय. तेल द्या बस. शिलाई मशीनचं तेल, आठवड्यातून एकदा. शेडमध्ये पावसाचे शिंतोडे येत असतील तर रॉड तांबारणारच. ओळंबा-बिळंबा कशाला?

एकटाजीव
विकणाऱ्याने सांगितलं म्हणून ग्रीस लावलंय. चांगलं जाड.

गंज_चढला
बोंबला.

डेडलिफ्टवाली
उघड्या रॉडला जाड ग्रीस म्हणजे गच्चीवरची सगळी धूळ पकडायला लावलेला चिकट कागद. रॉकेलच्या फडक्याने पूर्ण पुसून काढा. बेअरिंग असेल तर पातळ तेल, नायलॉनचं बुश असेल तर सिलिकॉन स्प्रे, आणि तेही पुसल्यासारखंच लावायचं.
पण माझा दुसरा प्रश्न आहे, जो अजून कोणी विचारला नाही. खालचे अडसर लावलेत का? रॉडशेजारी पट्ट्यांवर बसवायचे दोन लोखंडी तुकडे.

एकटाजीव
तसलं काही आलं नाही. बारलाच आकडे (हुक) आहेत, मनगट फिरवलं की अडकतात. त्यासाठीच तर हे मशीन घेतलं. पहाटे ५ ला एकटाच असतो. दिवाळीत बेंचवर मोकळा बार छातीवर बसला होता, १० मिनिटं. शेवटी एका बाजूने प्लेटा घसरवून पाडल्या. त्या आवाजाने आई वर आली. हे 'मोकळा बार वापरा' म्हणणाऱ्यांसाठी.

तांबडी_माती
बरं बुवा, शब्द मागे. पण बैठकांना अडसर लागत नाही.

डेडलिफ्टवाली
नीट ऐका. आकडा अडकवायला बार थोडा वर न्यावा लागतो आणि मनगट फिरवावं लागतं. दिवाळीत त्या क्षणी तुमच्यात तेवढी ताकद होती का? नव्हती, म्हणूनच अडकलात. आणि दोन आकड्यांमधल्या जागेत बार आला तर तो अडकतच नाही. एकट्याला वाचवतो तो अडसर. बेंचला फुगवलेल्या छातीच्या किंचित खाली, म्हणजे श्वास सोडून छाती सपाट केली की बार अडसरावर टेकेल एवढा. स्क्वॉटला तुमच्या सगळ्यात खालच्या बैठकीच्या दोन बोटं खाली. अडसर मिळाल्याशिवाय झोपून काहीही करू नका. परतीच्या बोलण्यात हा मुद्दा पहिला.

चष्मेवाला_लिफ्टर
कलत्या मशीनवर तोंड कुठे करायचं तेही सांगा. बेंच प्रेसला बार वर जाताना डोक्याकडे सरकला पाहिजे, तेवढं ठरलेलं. स्क्वॉटला मी उठताना बार मागे सरकेल असा उभा राहतो.

पाचचा_गजर
मी बरोबर उलटा उभा राहतो, गुडघ्याला बरं वाटतं.

चष्मेवाला_लिफ्टर
मग तुमचा पाठीचा कोन चुकतोय.

पाचचा_गजर
न बघताच? वा. दोन्हीकडे रिकामा बार घेऊन दहा-दहा बैठका मारायच्या, टाच उचलली जात नाही ती बाजू आपली. पावलं बारच्या जरा पुढे. याच्या पलीकडे शास्त्र नाही.

चष्मेवाला_लिफ्टर
वेगळा धागा काढतो यावर.

एकटाजीव (शनिवार, दुपारी ४.०५)
काटा आणला. रद्दीवाल्याने रविवारपर्यंत दिला, बदल्यात तीन महिन्यांचे पेपर घेऊन गेला. चढताना २७, उतरताना १६. म्हणजे बार २१.५ आणि घर्षण ५.५?
आणि जुन्या जिममध्ये काल तोच काटा घेऊन गेलो. तिथला पोरगा बघत राहिला. चढताना ९.५, उतरताना ७.५.

डेडलिफ्टवाली
म्हणजे तिथे ३०-३० लावून तुम्ही जेमतेम ७० उचलत होता, ८० नाही. इथे वर जाताना ८७ भरतात. पाय लटपटणारच! ताकद कमी झालेली नाही, हिशोब चुकलेला होता. प्लेटा दोन्हीकडून १०-१० ने कमी करा आणि तिथून चढा.

एकटाजीव
जरा वाईट वाटलं ८० चं.

फिटर_भोसरी
त्याचं नंतर. आधी फरशीचा तुकडा काढा. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही पाय एका पातळीत आणा, पायाखाली लोखंडी पट्ट्या द्या, पुठ्ठा-फरशी नको. आडव्या पट्ट्यांचे सगळे नट अर्धा आटा ढिले करा. ग्रीस पुसा. मग रिकामा बार तळापासून टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवा, रॉड आपली जागा आपण धरतात. बार टोकाला असताना वरचे नट आवळा, तळाला असताना खालचे. एकदम एक बाजू आवळायची नाही, कोपऱ्या-कोपऱ्याने, चाकाचे नट आवळतो तसे.

सूनबाई_नाशिक
सासूबाईंचं कोणी सांगेल का?

डेडलिफ्टवाली
सॉरी, राहून गेलं. नको, ६८ व्या वर्षी दुखत्या गुडघ्याला हे मशीन सुरुवात म्हणून नको. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत खुर्चीवरून उठणं-बसणं.

एकटाजीव (रविवार, सकाळी ९.५०)
डावी मागची बाजू १४ मिमी खाली होती. कर्णांत ९ मिमीचा फरक, आता १ च्या आत. बाबांनी नळी धरली, त्यांना सगळं जास्तच येतं. चौथ्या फेरीला डावीकडून 'टक्' असा आवाज आला आणि त्यानंतर खर्रर बंद. पुन्हा काटा लावला: चढताना २३, उतरताना २०.

फिटर_भोसरी
वजन तेच, २१.५. घर्षण दीडवर आलं. ठेवा मशीन.

गंज_चढला
आणि तेल?

एकटाजीव
शिलाई मशीनचंच. आईचं. विकणाऱ्याला सकाळीच फोन केला. अडसर त्याच्या गोदामात पडलेत म्हणे, बुधवारी पाठवतो. तोपर्यंत परतीची मुदत वाढवून घेतली, व्हॉट्सअॅपवर लिहून.

डेडलिफ्टवाली
शाबास. बुधवारपर्यंत बेंच भिंतीला लावून ठेवा.

एकटाजीव
बेंचवर आईने पापड वाळत घातलेत.