साल, कुसू, खोबण: खिळा न मारता केलेल्या जोडाला तुमच्याकडे काय म्हणतात?

फळीवाला
मोहोळजवळच्या आमच्या गावी जुनं माळवद उतरवलं, त्यातली बाभळीची एक तुळई मी सोलापूरला घेऊन आलो आणि गच्चीवर रविवारी रविवारी बसून तिचं एक बुटकं स्टूल केलं. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, आठ जोड, खिळा एकपण नाही. आता सगळं फोटोसकट मराठीत लिहून काढतोय आणि पहिल्याच पानावर अडकलोय. मॉर्टिस-टेननला मी गावात ऐकलेले शब्द लिहिले, पायात पाडतो ते चौकोनी भोक म्हणजे साल आणि पट्टीच्या टोकाला ठेवतो ती जीभ म्हणजे कुसू. भाचीनं वाचलं आणि म्हणाली, मामा साल म्हणजे झाडाची साल, कुसू असा शब्दच नाही. मी म्हटलं आहे, ती म्हणे दाखव. तुमच्याकडे काय म्हणतात?

विजापूर वेस
दादा तुमचं बरोबर आहे. आमचे आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. मधला तुंबा, त्यात आरे, बाहेरून लोखंडी धाव. प्रत्येक आऱ्याच्या बुडाला कुसू असायचं आणि तुंब्याला सालं पाडलेली. धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं, लोखंड आकसलं की सगळी कुसवं आपापल्या सालात घट्ट बसायची. चाकाला डिंक लागत नव्हता की खिळा. भाचीला सांगा, शब्द तुंब्यात बसलेला आहे.

शब्दवेडा
साल हा शब्द लिहू नये असं माझं मत. वाचणाऱ्याला आधी सालपट आठवणार, मग वर्ष आठवणार, भोक शेवटी. आपल्याकडे खोबण हा चांगला शब्द आहे, डोळ्यांच्या खोबणी म्हणतो तोच. सगळ्यांना कळतो, उगाच गावठी बोलीतला अडचणीचा शब्द कशाला.

मूळची बार्शीची
शब्दवेडा, "गावठी" खटकलं. ज्यांच्या हातात पटाशी आहे त्यांचा शब्द अडचणीचा कसा? आणि गोंधळ होत नाही कारण लिंग वेगळं आहे. झाडाची *ती* साल, आमच्या सुतारकाकांचं *ते* साल. क्रियापद पण वेगळं, साल सोलतात आणि साल पाडतात. एक आठवण सांगते, मी दहावीच्या सुट्टीत त्यांच्याकडे शिकायला जायचे, त्यांनी "साल पाडून ठेव" म्हटलं आणि मी अख्ख्या दांड्याची साल सोलून ठेवली. ते चिडले नाहीत, तिथंच उकिडवे बसले, खडूनं चौकोन आखला, पटाशी लावली आणि म्हणाले हे साल. त्या दिवसापासून कधी चुकले नाही.

साखर पेठ
आणि शुद्ध शुद्ध म्हणून कुठंवर जाणार? बिजागरी पोर्तुगीजांची, रंधा फारसीतनं आलेला. हे काढले तर दरवाजा कसा लावायचा?

शब्दवेडा
मी परके शब्द काढा म्हटलेलंच नाही, रुळलेले राहू द्या. मुद्दा एवढाच की लिहिताना एका शब्दाला एक अर्थ असावा. खोबणीत काय वाईट आहे ते कुणी सांगितलं नाही अजून.

विजापूर वेस
सांगतो. खोबण म्हणजे अर्ध्यात थांबलेला खड्डा, असं आम्ही धरतो. साल आरपारही जातं. आरपार असलं की कुसू पलीकडनं दिसतं आणि त्याच्या टोकाला चीर देऊन पाचर मारता येते. खोबणीत पाचर कुठनं मारणार? आजोबांचं ठरलेलं होतं, लाकडाच्या जाडीचा तिसरा हिस्सा कुसू, बाकी दोन हिस्से दोन बाजूला. जाड केलं तर सालाच्या भिंती फुटतात, बारीक केलं तर कुसूच मोडतं.

फळीवाला
हो हो, मी तसंच केलंय! पट्टी दीड इंची, कुसू अर्धा इंच. बाभूळ इतकी वाळलेली की पटाशीला दर दहा मिनिटांनी धार लावावी लागत होती. आधी गिरमिटानं भोकं पाडून घेतली, मग कडा चौकोनी केल्या.

कोंतम चौक
गिरमिट! आमच्यात गिरमिट म्हणजे चुरमुरे. आजोळ धारवाडकडचं, आज्जी दर संध्याकाळी करायची. लाकडाला भोक पाडतात त्याला पण गिरमिट म्हणतात हे मला लग्नानंतर कळालं. दोन्हीत हात गरागरा फिरवून ढवळतात म्हणून तेच नाव पडलं असेल असं मला कायम वाटतं.

साखर पेठ
अवजारातलं गिरमिट इंग्रजी गिम्लेटवरनं आलंय. फिजीला 1879 पासून जे मजूर नेले त्यांचं गिरमिट अजून तिसरं, ते ॲग्रीमेंटचं. तुमच्या चुरमुऱ्यांचं कुठनं आलं ते बघायला पाहिजे.

मूळची बार्शीची
चुरमुऱ्याचं ते आमचं सुशीलाच ना?

कोंतम चौक
नाही ताई, अजिबात नाही. सुशीलेत चुरमुरे भिजवून पिळून पोह्यासारखी फोडणी देतात. गिरमिटात चुरमुरे कोरडे राहतात, कांदा-चिंच-गुळाचा मसाला करून वरनं कालवायचा आणि फुटाण्याच्या डाळीचं पीठ टाकायचं. पीठ नसेल तर गिरमिट म्हणूच नका.

शब्दवेडा
बघा, म्हणजे इथं मात्र एका नावाला एकच पदार्थ हवा.

कोंतम चौक
खाण्यात हवाच. लाकडाचं तुम्ही ठरवा.

फळीवाला
पहिल्या पानावर साल आणि कुसूच ठेवतोय, बाजूला चित्र काढलंय म्हणजे भाचीला पण पटेल. पण दुसऱ्या पानावर परत अडलंय. कुसूच्या मुळाशी दोन्ही बाजूला जो सपाट टप्पा उरतो, जो पायाला जाऊन टेकतो आणि जरा जरी वाकडा कापला तर फट दिसते, त्याला काय लिहू? इंग्रजीत शोल्डर म्हणतात, पण नुसतं खांदा लिहायला मन होईना.

विजापूर वेस
आजोबा त्याला काहीतरी म्हणायचे, तोंडावर आहे पण आठवेना. चुलते अजून गावात काम करतात, रविवारी जातोय, विचारून सांगतो. तोवर ती जागा मोकळी ठेवा.