केळी वेफर्सच्या पाकिटासाठी चित्रं : हक्क कुणाचे आणि फाइल कशी द्यायची?

रेघोटी_जळगाव
राम राम मंडळी. सावद्याकडच्या एका केळी वेफर्सवाल्यांचं काम आलंय. चार चवी आहेत : साधं मीठ, मिरी, मसाला, टोमॅटो. मेटलाइज्ड, म्हणजे चंदेरी प्लास्टिक फिल्मवर ग्रॅव्ह्युअर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरची छपाई होणार. समोर केळीचा घड घेतलेली बाई, मागे बाग आणि सातपुडा, अशी त्यांची कल्पना. ही बाई पुढे टेम्पोवर, दुकानाच्या पाटीवर आणि जाहिरातीतही वापरायची आहे. "एकदा पैसे दिले की चित्र आमचं, ओपन फाइलसुद्धा द्या" असं म्हणतात (ओपन फाइल म्हणजे लेयर सुटे असलेली, बदल करता येणारी मूळ फाइल). दर कसा सांगावा, लेखी काय घ्यावं? आणि मासिकाच्या चित्रापेक्षा पाकिटाची फाइल वेगळी लागते का?

तापीकाठ
आधी हक्कांचं बघा, कारण दर त्यावरच ठरतो. काहीच लिहून घेतलं नाही तर चित्र आपलंच राहतं, या भरवशावर बसू नका. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 : मोबदला देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि उलट करार नसला, तर पहिला मालक काढून घेणारा. म्हणून "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, पुढील वापरांसाठी परवाना दिला आहे" हे वाक्य कामाला हात लावायच्या आधी, दोघांच्या सह्यांनिशी कागदावर हवं.

मग वापर सुटे सुटे लिहा. पाकीट एक, वाहनं आणि पाट्या दोन, जाहिरात तीन. प्रत्येकापुढे मुदत, प्रदेश आणि रक्कम. हे दोन रकाने कोरे ठेवू नका : हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर कलम 19 नुसार ती 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. वेफर्स आखातात जाणार असतील तर तेही आत्ताच विचारून घ्या.

सगळे हक्क कायमचे हवेच असतील तर द्यायला हरकत नाही, पण तो वेगळा आणि बराच मोठा आकडा. तिन्ही वापरांच्या बेरजेपेक्षा तो कमी असू नये. ओपन फाइलचंही तसंच. ती दिली की उद्या कुणीही बाईची साडी बदलून नवं पाकीट काढेल, तेव्हा तिची किंमत स्वतंत्र लावा.

निम्मी रक्कम कच्च्या रेखाटनाआधी, उरलेली छपाईची फाइल देण्याआधी. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. काम मध्येच थांबलं तर झालेल्या टप्प्याचे पैसे, हेही लिहा. वर्षात व्यावसायिक फी 50 हजारांच्या वर गेली तर ते 10 टक्के टीडीएस कापू शकतात. बिलावर पॅन घालायला विसरू नका.

सिलिंडरवाला
फाइल वेगळी लागते, आणि फरक चांगलाच आहे भाऊ. ग्रॅव्ह्युअरमध्ये दर रंगाला एक कोरलेला सिलिंडर लागतो. सात रंगांची चार वेगळी चित्रं काढलीत तर 28 सिलिंडर. त्याऐवजी बाई, बाग, डोंगर चारही पाकिटांवर तेच ठेवा आणि चवीप्रमाणे फक्त पार्श्वभूमीचा रंग व काळ्यातला मजकूर बदला. म्हणजे 5 समाईक आणि दर चवीचे 2, एकूण 13. मालकांना हे गणित आधी दाखवा, चित्राच्या दरावर घासाघीस आपोआप कमी होते.

मेटलाइज्ड फिल्मवर पांढऱ्या शाईचा थर स्वतंत्र लेयर म्हणून द्यावा लागतो. तो नसला की चंदेरी फिल्म रंगातून डोकावते, चेहरा राखाडी होतो आणि पानांचा हिरवा मळकट. चमक जिथे मुद्दाम हवी, समजा साडीच्या काठावर, तेवढाच भाग पांढऱ्यातून वगळा.

छापताना रंग एकमेकांपासून थोडे सरकतातच. शेजारच्या रंगांना 0.3 मिमी ट्रॅप द्या, म्हणजे तेवढे एकमेकांवर चढवा. बाह्यरेषा चार रंगांच्या मिश्रणातून नको, एकाच काळ्यात, ओव्हरप्रिंट (खालच्या रंगांवरच छापलेली), निदान अर्धा मिमी जाड. तिच्याखाली बरंच झाकलं जातं. बारीक अक्षरंही एकाच ठोस रंगात ठेवा, फिक्या टिंटमध्ये (ठिपक्यांनी फिका केलेल्या रंगात) त्यांच्या कडा करवती दिसतात.

वरखाली 10 मिमी सीलची जागा सोडा, तिथे बाईचं डोकं किंवा पाय येऊ देऊ नका. रोलवर पॅकिंग असेल तर कडेला आय-मार्क, म्हणजे कुठे कापायचं हे सेन्सरला दाखवणारी खूण असते. त्या उभ्या पट्टीत दुसरं काहीही छापायचं नाही. तिथे गडद पान आलं की सेन्सर त्यालाच मार्क समजतो आणि पाकीट भलत्याच ठिकाणी कापलं जातं. की-लाइन, म्हणजे पाकिटाच्या मापांचा आराखडा, छापखान्याकडून मागवा आणि मगच कागदावर पेन्सिल ठेवा.

केळफूल_रावेर
चित्राबद्दल थोडं. वेफर्स कच्च्या केळीचे होतात, त्यामुळे घड हिरवा हवा. पिवळाधमक घड काढला की रावेर-यावलचा माणूस पहिल्या नजरेत चूक पकडेल. झाडावर फण्यांमधल्या केळ्यांची टोकं वर वळलेली असतात. आणि बाईच्या हातातल्या कापलेल्या घडाला खाली केळफूल लटकवू नका, बागेत ते आधीच मोडून टाकतात.

पुण्याच्या रोहन दाहोतरे यांनी 2025 च्या प्रजासत्ताक दिनाचं गुगल डूडल केलं, ते उघडून बघा. प्राणी वेगवेगळ्या प्रांतांच्या पेहरावात संचलन करतायत, तपशील भरपूर, तरी मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक आकृती सुटी ओळखू येते. तुमचंही चित्र 3 सेंमी रुंदीत छापून हातभर लांब धरून बघा. घड आणि चेहरा कळला नाही तर आकार सोपे करा.

रेघोटी_जळगाव
फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. समोर "जळगाव केळी, जीआय" असा भौगोलिक मानांकनाचा (जीआय) शिक्का काढायलाही सांगितलंय. चालतं का?

केळफूल_रावेर
जळगाव केळीला 2016 मध्ये जीआय मिळालाय, पण ते नाव जीआय म्हणून वापरायला नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता असावं लागतं. त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागा, आणि ते केळीसाठी आहे की वेफर्सना लागू पडतं हे नोंदणीच्या कागदात तपासून घ्यायला सांगा. तोवर शिक्का वेगळ्या लेयरवर ठेवा. हिरव्या शाकाहारी चिन्हाची जागा मात्र आत्ताच राखा : समोरची बाजू 100 ते 500 चौ. सेंमी असेल तर आतला गोल किमान 4 मिमी, चौकोनाची बाजू 8.